आपला विभाग कोणता?

शोळिंगनल्लूर हे गाव पूर्वी मद्रासचे नव्हते. शहराच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर ते वसलेले होते. पूर्वेस बकिंगहॅम कालवा आणि त्यापलीकडे समुद्र, वायव्येस पळ्ळिकरणैची पाणथळ जमीन, अशी त्याची चतुःसीमा. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना संगणक-कंपन्यांचे काचेचे मनोरे उभे राहिले आणि 2011 साली हे गाव चेन्नई महानगरपालिकेत जाऊन तिच्या पंधराव्या विभागाचे नावच शोळिंगनल्लूर झाले. तरी जिल्हा मात्र कांचीपुरमच होता. 2018 साली तोही बदलला आणि चेन्नई झाला. कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्यास आम्ही एकदा विचारले, की या दोन स्थित्यंतरांनी तुझ्या जीवनात काय पालट झाला? त्याने कोयता न थांबवता सांगितले, "कागदावरचे नाव बदलले, नारळ तोच."

माणूस आपल्या जागी बसून राहतो आणि त्याचा विभाग बदलतो, हे या गावी घडले. आम्हां नोकरमाणसांचे नेमके याच्या उलट. विभाग कागदावर कायम राहतो आणि माणूस हलतो. पुण्यात जन्मलेले आम्ही केंद्र सरकारच्या एका खात्याच्या कृपेने तीन गावे फिरून या पंधराव्या विभागात येऊन स्थिरावलो, त्याला आता काही वर्षे झाली. आपण कोणत्या विभागाचे, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. तो पडला क्रिकेटमुळे, आणि तोही आमच्या चिरंजीवांच्या तोंडून.

आमच्या गॅलरीत रविवारी सकाळी एक छोटीशी सभा भरते. तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक नागपूरकर स्नेही तिचे नित्याचे सभासद. दुसरे सभासद समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त गणित-शिक्षक. सारी वसाहत त्यांना 'सार' म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. कॉफी आमची, वाद तिघांचा. 2024 च्या मार्च महिन्याच्या आरंभी रणजी करंडकाच्या उपान्त्य सामन्यात मुंबई आणि तामिळनाडू यांची गाठ पडली, तेव्हा ही सभा रविवारची वाट न पाहता रोजच भरू लागली.

वास्तविक आम्ही पुण्याचे, म्हणजे मुंबईचे जन्मसिद्ध विरोधक. लहानपणी मुंबई हरल्याची वार्ता कानी आली, की आमच्या आळीत साखर वाटण्याचेच काय ते बाकी राही. पण त्या दिवशी मुंबईचा गडी बाद झाला, की काळजात काहीतरी लागे आणि तामिळनाडूचा बाद झाला, की हात आपोआप टाळीस जाई. परमुलखात प्रतिस्पर्धीही नातलग होतो. घरी ज्याच्याशी भांडावे, त्याचीच परगावी आठवण येते. तामिळनाडूचे दोन्ही डाव 146 आणि 162 धावांत आटोपले आणि मुंबईच्या 378 धावांपुढे त्यांचा एक डाव आणि 70 धावांनी पराभव झाला. आम्ही समाधानाने मागे वळून पाहिले, तो बारा वर्षांचे चिरंजीव डोळे पुसत होते. ते ज्या संघासाठी रडत होते तो आमचा नव्हता.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही आपल्या टीमच्या विरुद्ध टाळ्या का वाजवता?"

आम्ही निरुत्तर झालो. सार मात्र काही न बोलता उठले आणि त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. त्या क्षणी आमच्या गॅलरीत दोन विभाग झाले.

पुढल्याच आठवड्यात मुंबई आणि विदर्भ यांच्यात वानखेडेवर अंतिम सामना झाला. आता नागपूरकर एका बाजूस आणि आम्ही दुसऱ्या. जिंकण्यास 538 धावा हव्या असताना विदर्भाने पाचव्या दिवसापर्यंत झुंज दिली आणि 368 धावांवर त्यांचा डाव संपला. मुंबईने बेचाळिसाव्या वेळी करंडक उचलला. नागपूरकर उठताना एवढेच म्हणाले, "हरलो त्याचं दुःख नाही भाऊ. या सामन्यात आम्ही होतो, हेच पाहायला माझे वडील राहिले नाहीत." हे वाक्य त्या वेळी आम्हांला नीटसे उमगले नव्हते. ते उमगण्यास अमेरिकेतून एक पत्र यावे लागले.

आमचा पुतण्या टेक्सासात असतो. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर तिथे जे घडले त्याचे वर्णन त्याने कळवले होते. तिकडे विद्यापीठांचे फुटबॉल हे आपल्याकडल्या पंढरीच्या वारीसारखे प्रकरण आहे. विद्यापीठांचे निरनिराळे गट असतात. त्यांना ते कॉन्फरन्स म्हणतात. आपण विभाग म्हणू. गटातल्या गटात दरवर्षी सामने होतात आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पिढ्यान्पिढ्यांचे वैर जोपासले जाते. टेक्सास विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम ही एकाच राज्यातली दोन विद्यापीठे 1894 सालापासून एकमेकांशी खेळत आली. 2011 साली ए अँड एमने गट बदलण्याचे ठरवले आणि तो सामनाच बंद पडला. तेरा वर्षांनी, 2024 साली, टेक्सासनेही त्याच गटात प्रवेश केला, तेव्हा तो पुन्हा सुरू झाला. टेक्सास 17-7 असे जिंकले. पण पुतण्याने लिहिले होते, की मैदानावर निकालापेक्षा भेटीचाच आनंद अधिक होता. त्याच्याबरोबर सामना पाहणाऱ्या एका तरुणाने महाविद्यालयातली चारही वर्षे या सामन्याविना काढली होती. विवाहाचा मुहूर्त टळून गेलेल्या वधूप्रमाणे तो हळहळत होता, असे पुतण्याचे शब्द.

या घालमेलीमागे दूरचित्रवाणीचा पैसा आहे. प्रक्षेपणाचे करार ज्या गटाला मोठे, तिकडे विद्यापीठे धावतात. पॅसिफिक किनाऱ्यावरील बारा विद्यापीठांच्या जुन्या गटातून 2024 साली दहा बाहेर पडली आणि वॉशिंग्टन स्टेट व ओरेगन स्टेट ही दोनच मागे उरली. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिक किनाऱ्याच्या गटात सामील झाली. हे आम्ही सभेत वाचून दाखवले, तेव्हा सार म्हणाले, "भूगोलाच्या पेपरात या मुलांना मी शून्य दिले असते."

आम्हांला मात्र हसू आले नाही. कारण हाच वाद आपल्याकडे केव्हाच होऊन गेला आहे आणि त्यात आमचे एक सुख कायमचे गेले, अशी आमची समजूत होती. ती आम्ही सभेपुढे मांडली.

रणजी स्पर्धेचा पहिला सामना येथून वीसेक किलोमीटरवर, चेपॉकच्या मैदानावर 4 नोव्हेंबर 1934 रोजी सुरू झाला आणि त्याच दिवशी संपला. मद्रासने म्हैसूरला एका दिवसात डावाने हरवले. मद्रास आणि म्हैसूर, म्हणजे दोन शेजारी. स्पर्धेची रचनाच शेजारधर्मावर होती. उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे चार विभाग होते, पुढे मध्य विभागाची भर पडली. आधी घरच्या अंगणात लढावे आणि मग परगावी जावे, असा तो शिरस्ता. 1957-58 पासून विभागात साखळी सामने सुरू झाले आणि प्रत्येक शेजाऱ्याची दरवर्षी गाठ पडणे नक्की झाले. मुंबई, महाराष्ट्र, बडोदे, गुजरात, सौराष्ट्र यांचा हा वार्षिक उत्सव पंचेचाळीस वर्षे चालला. 2002-03 साली विभाग मोडले आणि गुणवत्तेनुसार एलिट आणि प्लेट असे वर्ग पाडले गेले. तेव्हापासून मुंबई-महाराष्ट्र सामना हा दिवाळीसारखा ठरलेला सण उरला नाही. गटांची चिठ्ठी तशी पडली तर तो होतो, न पडली तर वर्ष कोरडे जाते.

आमच्या वडिलांनी दहाव्या वर्षी पुण्यात एक मुंबई-महाराष्ट्र सामना पाहिला होता. 1948-49 चा उपान्त्य सामना तो. मुंबईच्या 651 आणि 714, महाराष्ट्राच्या 407 आणि 604, अशा एकूण 2376 धावा त्यात झाल्या. त्याच हंगामात पुण्यात काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर 443 धावांवर नाबाद होते आणि प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. वडील हे आकडे परवच्यासारखे म्हणत. आम्हांला मैदानावर नेऊन बसवत तेव्हा डब्यातली पोळी हातात देताना म्हणत, "मुंबईला हरवणं आपल्याला क्वचितच जमतं. पण पुढल्या वर्षी ती पुन्हा येतेच." त्या 'पुन्हा येतेच' या दोन शब्दांत आमच्या लेखी सारे क्रिकेट होते. विभाग मोडणाऱ्यांनी ते शब्द खोडले, असा आमचा आरोप होता.

नागपूरकरांनी कॉफीची वाटी खाली ठेवली. "भाऊ, तुमच्या अंगणात दरसाल जेवणावळ होत होती हे खरं. पण आमचं पान कुठं मांडलं होतं, सांगता का?"

मग त्यांनी जो हिशेब मांडला, तो येथे दिला पाहिजे. एकाच राज्यात रणजीचे तीन संघ. मुंबई आणि महाराष्ट्र पश्चिमेत. विदर्भ 1957-58 पासून मध्य विभागात. राज्य एक, भाषा एक, पण क्रिकेटच्या नकाशावर नागपूर जयपुराच्या शेजारी. त्या काळी विभागातून एकच संघ पुढे जाई. मध्य विभागात राजस्थान बलाढ्य होते. त्यांनी 1960-61 ते 1973-74 या काळात आठदा अंतिम सामना गाठला आणि आठही वेळा ते हरले. अशा दाराआड विदर्भ उभा. मुंबईशी हरण्याचे भाग्यदेखील त्याच्या वाट्याला सहजी येत नसे. "तुम्ही हरत होता, पण मुंबईशी हरत होता," नागपूरकर म्हणाले. "आम्हाला ते सुख विभाग मोडल्यावर मिळालं."

"आणि तुमच्या महाराष्ट्राला तरी त्या विभागानं काय दिलं?" ते पुढे म्हणाले. 1957-58 साली बडोद्याने मुंबईस मागे टाकून करंडक नेला. त्यानंतरची बारा वर्षे पश्चिमेचे दार मुंबईखेरीज कुणालाच उघडले नाही. 1970-71 साली नियम बदलला आणि प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. त्या पहिल्याच वर्षी महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोहोचला. मुंबईचे मोठे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असतानाही सुधीर नाईकांच्या संघाने तो सामना 48 धावांनी जिंकला, ही गोष्ट वेगळी. पण एवढी वर्षे महाराष्ट्राची जागा दुसऱ्या क्रमांकाची होती आणि ती त्याला विभागाच्या भिंतीने दिसू दिली नाही, हे त्या एका वर्षाने सिद्ध केले. विदर्भाचे तर विचारूच नये. गटांच्या नव्या रचनेत तो हळूहळू वर आला आणि 2017-18 व 2018-19 असे लागोपाठ दोन करंडक त्याने नेले.

पंगतीत बसणाऱ्यास पंगत सुंदर दिसते. ती बाहेरून कशी दिसते, हे त्यास ठाऊक नसते. आमच्या आरोपातला अर्धा जोर तिथेच ओसरला.

उरलेला अर्धा सारांनी काढला. त्यांनी आम्हांस मुंबईच्या जुन्या चौरंगी-पंचरंगी सामन्यांची आठवण दिली. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपीय आणि 1937 पासून 'इतर' असे धर्मवार संघ त्यात उतरत. 1943-44 च्या अंतिम सामन्यात 'इतरां'च्या 387 धावांपैकी 309 एकट्या विजय हजाऱ्यांच्या होत्या. त्या गर्दीपुढे आणि त्या चुरशीपुढे रणजीचे सामने फिके वाटत. तरीही 1940 साली गांधीजींनी धर्मवार संघांविरुद्ध मत दिले, मोठा वाद माजला आणि 1946 नंतर ती स्पर्धा राहिली नाही. "ते वैरसुद्धा लोकांना प्राणप्रिय होतेच की," सार म्हणाले. "प्रिय आहे म्हणून जे ते राखावे, असा सिद्धान्त मांडू नका. गणितात तो टिकत नाही."

"मग वैर टिकते कशाने?" आम्ही विचारले.

यावर सारांनी सांगितलेली हकीकत आमच्या मनातून जात नाही. 1973 साली ते महाविद्यालयात होते. मुंबई आणि तामिळनाडू यांचा अंतिम सामना चेपॉकवर होता. खेळपट्टी फिरकीची. मुंबई 151 आणि 113. तामिळनाडू पहिल्या डावात 80. पद्माकर शिवलकरांनी त्या डावात 16 धावांत 8 गडी बाद केले. सारांच्या खिशात तिसऱ्या दिवसाचे तिकीट होते. दुसऱ्या दिवसअखेर तामिळनाडूचा एकच गडी उरला होता, तरी ते पहाटे उठून मैदानावर गेले. पैसे दिले होते, आणि आशाही होती. त्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर डाव 61 धावांत संपला. "मी पायऱ्या चढून वर पोहोचलो," सार म्हणाले, "आणि लोक पायऱ्या उतरत होते." मुंबईचा तो लागोपाठ पंधरावा करंडक.

"मुंबई आमच्या विभागात नव्हती. दरवर्षी येतही नव्हती," ते म्हणाले. "पण पन्नास वर्षे मी तिच्याशी भांडतो आहे. एका चेंडूसाठी. वैर समिती देत नाही आणि समिती काढूनही घेत नाही. आपण कुठेतरी एकदा मनापासून हरावे लागते."

आम्ही काही काळ गप्प बसलो. सारांचे म्हणणे खरे होते, पण पुरते खरे होते असे आम्हांला आजही वाटत नाही. एका चेंडूने पेटलेले वैर पन्नास वर्षे तेवत राहण्यास प्रतिपक्ष जिवंत राहावा लागतो. इंदूरच्या होळकर संघाने चार वेळा करंडक जिंकला होता. 1954-55 साली त्याच इंदुरात मद्रासने त्याला 46 धावांनी हरवून आपला पहिला करंडक मिळवला आणि तो होळकरांचा अखेरचा हंगाम ठरला. संस्थान गेले होते, त्यापाठोपाठ संघही गेला. ज्या इंदूरकराचे मन त्या दिवशी पोळले, त्याने पुढल्या वर्षी उट्टे काढायचे ते कुणाच्या हाताने? हरलेल्यास पुढची भेट हवी. आमचे वडील 'पुन्हा येतेच' म्हणत ते याच अर्थाने.

म्हणून आम्ही सभेपुढे एक तडजोड ठेवली. गुणवत्तेचे गट असावेत. कुणाचे पान बाहेर मांडले जाऊ नये. मात्र वर्षातला एक सामना प्रत्येक संघास शेजाऱ्यासाठी राखून द्यावा, मग तो कोणत्याही गटात असो. आपल्याकडेही या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही. 1961-62 साली विभागांसाठीच सुरू झालेल्या दुलीप करंडकातून 2024 साली विभाग काढून टाकले आणि 2025 साली ते पुन्हा आणले. करणाऱ्यांच्याही मनाचे अजून ठरत नाही, असाच याचा अर्थ. ठराव दोन विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. नागपूरकर तटस्थ राहिले. म्हणाले, "आधी आम्हाला एकदा मुंबईला हरवू द्या, मग मत देतो."

तो योग फार दूर नव्हता. 2025 च्या फेब्रुवारीत, नागपुरातच, विदर्भाने उपान्त्य सामन्यात मुंबईस 80 धावांनी हरवले आणि पुढे करंडकही मिळवला. तिसऱ्या मजल्यावरून संत्रा बर्फीचा पुडा आला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मार्चच्या आरंभी, शिवलकर निवर्तल्याची बातमी आली. शेकड्यांनी गडी बाद करूनही या थोर गोलंदाजास एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नव्हता. सायंकाळी सार आमच्याकडे आले आणि बराच वेळ बसले. आम्ही मराठी, म्हणून समाचाराला आले होते. त्यांचे शत्रुत्व आणि आमचे नाते, दोन्हींची किंमत त्या संध्याकाळी सारखीच भरली.

आता मूळ प्रश्न. यंदा आमच्या खात्याचे परिपत्रक आले, की महाराष्ट्रात काही जागा रिकाम्या होत आहेत, इच्छुकांनी पसंतीक्रम कळवावा. इतकी वर्षे ज्या कागदाची वाट पाहिली तो टेबलावर येऊन पडला. पुण्यास आमची आई एकटी आहे. घर आहे. मुलाचे मराठी दिवसेंदिवस पाहुण्यासारखे होत चालले आहे. सौभाग्यवतींनी तर अर्धे सामान मनातल्या मनात बांधलेही. आम्ही उत्साहाने चिरंजीवांस सांगितले, की तिकडे जाशील, महाराष्ट्राकडून खेळशील, आणि तुझ्या आजोबांसारखे मुंबईशी भांडशील!

त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि तांबरमचा तो डावखुरा?"

तांबरमच्या एका शाळेत एक डावखुरा गोलंदाज मुलगा आहे. शाळांच्या सामन्यांत गेली तीन वर्षे तो आमच्या चिरंजीवांस बाद करतो आहे. घरात त्याचे नाव कुणी उच्चारलेले चालत नाही. सकाळी साडेपाचला उठून, गच्चीवर दोरीला बांधलेल्या चेंडूवर जो सराव चालतो, तो केवळ त्या मुलासाठी.

"तो पुण्याला येईल का, बाबा?"

आमच्या वडिलांना मुंबई होती, सारांना 1973 चा तो चेंडू आहे, नागपूरकरांना वानखेडेवरचा पाचवा दिवस. हा आमचा मुलगा, कागदोपत्री पुण्याचा. पण त्याला हरवणारा तांबरमला राहतो. माणसाचा विभाग जन्माने ठरतो असे आम्ही मानत आलो. तो आपल्या हरण्यानेही ठरत असावा, असे आता वाटू लागले आहे.

पसंतीक्रम कळवण्याची मुदत अजून काही दिवस आहे. आईला आम्ही दूरध्वनीवर सारे सांगितले. ती म्हणाली, "त्याला एकदा त्या पोराला हरवू दे, मग या. मी कुठे जाते आहे?" अर्ज भरून ठेवला आहे. शाळांचे सामने पोंगलनंतर आहेत. सार पंच म्हणून जाणार आहेत, त्यामुळे त्यांनी आमच्या घरची कॉफी तूर्त बंद केली आहे.